पाणी कोण वाढतं?

“या बाई फक्त शिकवतात. पाण्याकडं जात नाहीत.” हेडमास्तर हसत हसत म्हणाले. माझ्यासमोर. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

प्रश्न धान्याच्या मोंढ्यातल्या एका अडत्याच्या बायकोचा होता. “शाळंत पाणी कोण वाढतंय हो?” एवढंच तिनं विचारलं होतं. प्रवेशाचा दिवस. लातूर जिल्हा नवा झालेला, दुष्काळ मात्र जुनाच. शाळाही जुनी, निजामाच्या काळातली. सरकारचा पैसा घेत नाही म्हणून भारी तोरा. वसतिगृह नाही, मुलं सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात. पालकांचे प्रश्न दरवर्षी तेच. डबा कुठं खायचा? इंग्रजी कितवीपासून? हे झालं की मग खरा प्रश्न. जात कुणी विचारत नाही, सभ्य माणसं ना. पाण्याचं विचारतात.

मी बौद्ध. बी.एड. झालेली. त्यांच्या पोरांना माझं गणित चालायचं, वहीवर माझी सही चालायची. रांजणाला हात तेवढा चालत नव्हता. नोकरी लागल्यापासून मी घरून फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात पाणी नेत होते. लाज वाटायची. ती मलाच, त्यांना कशाला वाटेल?

मग नव्या कलेक्टर कचेरीतल्या शिपायाची बायको उठली. आमच्याच समाजातली. लेकीला पुढं करून म्हणाली, “सर, माझ्या लेकीनं पाणी कुठं प्यायचं?”

“घरून आणायचं. या बाई आणतात की.” हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मस्तकात तिडीक गेली. इतके दिवस मी मुकाट घरून पाणी आणलं, तर या नालायकांनी त्याचा नियम करून टाकला. तोही या पोरीसाठी. मी उठले. दाराशी ठेवलेल्या रांजणात ओगराळं बुडवलं. पेला भरला, प्यायले. दुसरा भरून पोरीला दिला. ती गटागटा प्यायली.

“बाई, हे काय करायलात?” हेडमास्तर ओरडले.

“पाणी वाढायलेय.”

अडत्याची बायको पदर सावरत बाहेर गेली. तिच्यामागं बाकीचे. बाहेर टँकरपाशी बाया घागरीसाठी भांडत होत्या, आणि आमच्या विद्वान मास्तरांनी रांजण भरलेला तसाच पटांगणात पालथा केला. वर गोमूत्र शिंपडलं. शिंपडणारा विज्ञानाचा मास्तर. मला हसू आलं. थुंकावंसंही वाटलं.

“माफी मागा, न्हाईतर उद्यापासून येऊ नका,” हेडमास्तर म्हणाले.

“उद्या येणार. त्या पोरीला घेऊन येणार. रांजण भरून ठेवा. मी हात लावणार, रोज लावणार. तुम्हाला ओतायचं तर रोज ओता. तुमच्या पोरांना कोरडं ठेवायचं का माझ्या हातचं पाजायचं, ते तुम्ही ठरवा. मी हात मागं घेणार नाही.”