इंग्रजांच्या छावणीतली मेस

जर्मनीत ब्राउनश्वाइगला नोकरी आणि तासाभरावरच्या गावात भाड्याचं घर, असं आमचं चाललं होतं. आमच्या गल्लीतली सगळी घरं एकेकाळी इंग्रज सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेली. महायुद्ध जिंकून ते आले आणि गावाला लागूनच छावणी टाकून राहिले. पुढे त्यांची पोरं गावातल्या पोरांशी फुटबॉल खेळायला लागली, काहींनी इथल्या मुलींशी लग्नं केली. मग एकेक पलटण परत जात गेली आणि एका उन्हाळ्यात झेंडा उतरला. त्यामागोमाग बेकरी बंद पडली, सिनेमाघरही.

शेजारच्या आजी त्या छावणीच्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. मेस बंद झाल्यापासून त्या फाटकाकडे फिरकल्या नव्हत्या. बाजारात जायच्या त्याही लांबच्या रस्त्याने.

त्या वर्षी माझे सासरे, बाबा, भारतातून आमच्याकडे राहायला आले होते. तेही आपल्या लष्करात आचारी होते. पाडण्याआधी एका रविवारी छावणी लोकांना बघायला खुली करणार होते. बाबा मला म्हणाले, "त्या बाईंना विचार, येतात का."

"काय उरलंय तिथे?" आजी म्हणाल्या.

"त्यांना सांग, मला एकट्याला त्यातलं काही कळायचं नाही," बाबा म्हणाले.

आजी आत जाऊन कोट घालून आल्या.

मेसमधल्या फरश्या उखडलेल्या होत्या, नळ कुणीतरी काढून नेले होते. आजी दारातच थबकल्या. बाबा आत गेले आणि एका भिंतीवर हात ठेवून मराठीतच म्हणाले, "शेगड्या इथे असणार."

मी जर्मनमध्ये सांगायच्या आतच आजी म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर. आणि त्या आत आल्या.

शेवटच्या दिवशी जेवायला मूठभरच पोरं होती, त्या सांगू लागल्या. तरी त्यांनी सगळी भांडी घासली, ओटे पुसले. "कुणासाठी, ते मलाही ठाऊक नाही."

मी ते बाबांना सांगितलं.

"माझ्या शेवटच्या दिवशी मीही तेच केलं होतं," बाबा म्हणाले. "किल्ली देताना हात ओलेच होते."

आजींनी डोळे पुसले. मग मोठ्या पातेल्यात सूप तळाला लागू नये म्हणून काय करायचं, यावर दोघांचं बराच वेळ चाललं.

आता तिथे फ्लॅट झालेत. आजींनी तळमजल्यावरचा एक भाड्याने घेतलाय. बसस्टॉप जवळ पडतो, म्हणतात. राहायला गेल्या त्या दिवशी त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावायला बोलावलं आणि बाबांना एकेक खोली फिरवून दाखवली.