खाटेच्या डोक्याकडची पाटी

देणगी मागायला गेलं की आधी चहा येतो, मग प्रश्न येतो: "नाव कुठं टाकणार?" यवतला आमचं छोटं केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, हँडलने वरखाली होणाऱ्या दवाखान्याच्या खाटा आम्ही आजाऱ्यांना घरी फुकट वापरायला देतो. सगळं देणग्यांतून उभं राहिलेलं, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर कुणीतरी गेलेलं माणूस आहे. या नावांच्या हौसेचा मला भारी राग यायचा. मी पायाकडे, बारीक अक्षरांत नाव टाकायची आणि देणगीदारांशी वाद घालायची.

वडगाव रासाईचे आबा मात्र ऐकेनात. फुलशेती करणारा माणूस. बायको गेल्यावर त्यांनी खाट दिली आणि स्टीलची पाटीही स्वतःच करून आणली. 'कै. सौ.', पुढे तिचं नाव, आणि खाली बरीचशी जागा कोरी.

"डोक्याकडंच लावायची, ताई. न्हाईतर खाट माघारी द्या."

लावली. झालं, ती खाट कुणी नेईना. आजाऱ्याच्या उशाशी मेलेल्या बाईचं नाव कोण ठेवील? शिक्रापूरहून टेम्पो घेऊन आलेला एकजण पाटी वाचून नुसता वॉकर घेऊन गेला. यवतच्याच एका घराने पाटीवर टॉवेल बांधून वापरली आणि आठवड्यात परत आणून दिली. त्यांची म्हातारी म्हणे दिवसभर मान वळवून टॉवेलाकडेच बघायची.

खाट आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. आबांचा फोन दर सोमवारी यायचा.

"आमचं माणूस कुणाकडं हाय?"

खाट नाही, माणूस म्हणायचे. ही वापरात आली तर दुसरी खाट देणार होते आणि आम्हाला खाटांची नड होतीच. पण खरं सांगायचं तर, त्या प्रश्नाला 'शेडमध्ये धूळ खातंय' असं उत्तर द्यायला माझी जीभ रेटायची नाही. बघतेय, आबा, एवढंच म्हणायची.

मग माझी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. बाकीच्या खाटा बाहेर होत्या, हीच एक शिल्लक. घरी आणली तेव्हा मीसुद्धा टॉवेलच शोधत होते.

"कोण गं ही?" आईने पाटी वाचून विचारलं.

"वडगावची आहे."

"ऱ्हाऊ दे उघडी. मला सोबत व्हईल."

मला ते मुळीच आवडलं नाही. पुढे आई तिच्याशी बोलायला लागली. मी ताट घेऊन आत गेले की बोलणं थांबायचं. मग म्हणायची, "डोक्याकडनं वर कर. तिला भाईरचं बघायचंय." मी हँडल फिरवायची, खाट करकरत उचलली जायची आणि खिडकीतून शेवग्याचं झाड दिसायचं. भरदुपारी माझ्या अंगावर काटा यायचा.

खाट आमच्याकडे आहे कळल्यावर आबा शेवंती घेऊन भेटायला आले. आईची गंमत म्हणून मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी शेवंती खाटेच्या कडेवर ठेवली.

"ती शेवटाला हेच म्हणायची. डोक्याकडनं वर करा, मळा बघू द्या. भुईवर गादी टाकलेली. उश्या लावल्या तर घसरायच्या. आसली खाट असती हे तवा मला ठावंच न्हवतं." मग म्हणाले, "मी हे कुणालाच बोललो न्हाई, ताई."

आई त्याच खाटेवर गेली. खाट शेडमध्ये परत गेली, पण करकर गेली नाही. दुपारी केंद्रात बसलं की ऐकू यायची. उठून जाऊन बघायची, तर हँडल जिथल्या तिथे. मला भीती वाटायची आणि आवाज आला नाही तर त्याहून जास्त वाटायची.

सोमवारी फोन आला. "आमचं माणूस कुणाकडं हाय?"

"माझ्याकडंच, आबा. आई गेली."

कधी गेली ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "पाटीवर खाली जागा हाय. माझ्यासाठी ठिवली व्हती. आईचं नाव टाका तिथं. एकटीला कशाला ठिवायचं?"

कोरणाऱ्याने विचारलं, बारीक टाकू ना नेहमीसारखं? मी म्हटलं, लांबून वाचता येईल एवढं टाक.

परवा ती खाट शिक्रापूरच्या एका घरी गेली. त्यांच्या वडिलांना पाठ टेकवत नव्हती, थांबायला सवड नव्हती. सोमवारी आबांच्या आधी मीच त्या घरी फोन लावला. वडील कसे आहेत, एवढंच विचारायचं होतं.

"आमची माणसं खिडकीपाशी आहेत ना?" मी विचारलं.