देवानं कान धरला

घरात मला आग्यावेताळ म्हणतात. शाळेत बाईंनी दुसऱ्याच एका मुलीच्या चुकीसाठी माझ्या हातावर पट्टी मारली, तेव्हा मी ती पट्टी मोडून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्या दिवशी हे नाव पडलं ते चिकटलंच. लग्न होऊन सासरी गेले, तर नाव माझ्याआधी तिथं पोचलेलं.

पण आमच्या गावात आग्यावेताळ ही नुसती शिवी नाही. चैत्रातल्या यात्रेला सोंगं निघतात, त्यातलं शेवटचं आणि मानाचं सोंग त्याचं. काळं रंगवलेलं तोंड, तागाची दाढी, कमरेला घुंगरं आणि डोक्यावर जळता टोप. टोप म्हणजे बांबूच्या कामट्यांची उलटी पाटी, तिच्यावर पत्र्याचं ताट, ताटात तेलात भिजवलेले काकडे. ते पेटवायचे आणि सोंगानं देवळापासून वेशीपर्यंत नाचत जायचं. हे सोंग घ्यायचा मान आमच्या घराचा. आधी आजोबा, मग आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आता माझा धाकटा भाऊ.

सोंग घेणाऱ्यानं पाडव्यापासून नेम पाळायचा असतो. पायात चप्पल नाही, मटणमासळीचं वशाट नाही, निजायला घोंगडी. नेम पाळणाऱ्याला देवाची आग भाजत नाही, असं गाव म्हणतं. आणि भाजलंच तर? तर त्यानं नेम मोडला असणार. म्हणजे काहीही झालं तरी आगीचा दोष नाही, पेटवणाऱ्याचा तर नाहीच नाही. इतका सोयीचा कायदा मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही.

मी शाळेत असताना एका यात्रेत वेशीजवळ ते ताट कलंडलं आणि पेटतं तेल आण्णांच्या डाव्या कानावरून मानेत उतरलं. लोकांनी पोती टाकून विझवलं. कान आक्रसून सुकल्या खारकेसारखा झाला. आण्णा दवाखान्यातून घरी आले, तशी गावातली जाणती मंडळी ओट्यावर येऊन बसली. त्यांच्यापुढं मोठाच पेच होता. आण्णांचा नेम मोडला म्हणावं, तर मान दुसऱ्या घरात द्यायचा. नाही मोडला म्हणावं, तर मग देवाची आग भाजते कशी? शेवटी एकानं तोड काढली.

"दुखलं का रं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," आण्णा म्हणाले.

"मंग ह्यो भाजल्याचा डाग न्हाई. देवानं कान धरला तुजा."

गावाचा जीव भांड्यात पडला. मान आमच्याच घरात राहिला. कान धरतात तो चूक झाल्यावर, एवढं तर पहिलीतल्या पोरालाही कळतं. पण हे तिथं म्हणायला मी फारच लहान होते आणि आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

तेव्हापासून यात्रेला आलेले पावणे त्या कानाला बोटं लावतात आणि ती बोटं कपाळाला लावतात. नव्या नवऱ्या पाया पडायला आणतात. आण्णा मान खाली घालून बसून राहतात. घरात मात्र ते डाव्या कुशीवर कधी निजत नाहीत. थंडीत कानाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. मोटारसायकलवर मागं बसले की एक हात कानावर. मी दर यात्रेला विचारते, "आण्णा, दुखलं होतं ना?" आणि ते दर यात्रेला म्हणतात, "न्हाई गं." मला गावाचा राग येतो तो येतोच, पण त्या "न्हाई गं"चा जास्त येतो. कारण ते ऐकत ऐकत माझा भाऊ मोठा झाला, आणि त्याला ते खरं वाटतं.

आण्णांचे गुडघे गेले आणि सोंग भावाकडं आलं. पहिल्या वर्षी मी त्याच्या मागून पाण्याची बादली घेऊन पळाले. लोक हसले. नवऱ्यानं घरी आल्यावर समजावलं, की बादली घेऊन पळणं माहेरवाशिणीला शोभत नाही. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी तुम्ही पळा. तो विषय तिथंच संपला.

माझं नारायणगावात ड्रेपरीचं दुकान आहे. अवसरीपासून पिंपळवंडीपर्यंतच्या शाळा गॅदरिंगसाठी माझ्याकडून वाघ, परी, फुलपाखरू आणि गाजर भाड्यानं नेतात. माझी निम्मी हयात शेपट्या शिवण्यात गेली. एका हिवाळ्यात वाघाची फाटकी शेपटी दुरुस्त करता करता माझ्या डोक्यात आलं, की जी बाई वाघ शिवते तिला जाळ शिवायला काय हरकत आहे.

पहिला जाळ सॅटिनचा केला. तो दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबला. मग मंचरला कापडाच्या शेठकडं गेले. मूळचे राजस्थानचे, पण मराठी आमच्यापेक्षा साफ. त्यांनी नायलॉनचं एक झिरझिरीत केशरी कापड काढलं, हातावर ठेवून फुंकर मारली आणि ते असं उठलं, की माझ्या तोंडून "अगं आई" निघून गेलं. कापड मोजायच्या आधी शेठनं त्याचा एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा जळला नाही, वितळला, आणि त्याचा काळा मणी झाला.

"ताई, उडायला छान आहे," ते म्हणाले, "पण चुलीजवळ नेऊ नका. सुती जळून राख होतं. हे अंगाला चिकटतं."

मी म्हटलं, शेठ, आगीपासून लांब राहायलाच तर नेतेय.

कापडाच्या निमुळत्या पट्ट्या उरेब कापल्या, म्हणजे तिरक्या. सरळ कापल्या की त्या निशाणासारख्या फडफडतात, जाळासारख्या वळवळत नाहीत. बांबूची पाटी आजोबांच्या वेळची तीच ठेवली. ताटाच्या जागी बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, त्यावर जाळी, जाळीभोवती गणपतीच्या मखरातली पिवळी लाइट. बॅटरी कुठली लावायची ते भावानं सुचवलं: औषध फवारायच्या पंपाची. टोपात ठेवली तर मान मागं ओढायची, म्हणून ती कमरेच्या पट्ट्याला बांधली आणि वायर पाठीवरून वर नेली. बटण घुंगरांच्या आड. मी दुकान बंद करून माहेरी यायचे. भाऊ रोज संध्याकाळी टोमॅटो मार्केटला सोडून यायचा आणि टोप घालून अंगणात नाचून बघायचा. कधी पट्ट्या पंख्यात अडकायच्या, कधी वारं एकाच बाजूनं लागायचं. आम्ही भांडायचो, उसवायचो, परत शिवायचो. कामात इतका आनंद मला फार वर्षांनी मिळाला.

शेवटी एका संध्याकाळी जमलं. त्यानं बटण दाबलं आणि डोक्यावर भडका उठला. स्वयंपाकघरातून आई पाण्याचा तांब्या घेऊन किंचाळत धावली आणि सगळं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. माझ्या कामाला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. आण्णा ओट्यावर बसून होते. ते टोप हातात घेऊन कितीतरी वेळ त्या पट्ट्यांखालून हात फिरवत राहिले.

मग यात्रा कमिटी. अध्यक्षांनी टोप बघितला, मोबाईलवर व्हिडीओ काढला, आणि नाक मुरडलं.

"देवाला खोटा जाळ दावायचा?"

"देवाचे डोळे चांदीचे आहेत," मी म्हटलं. "ते खरे आहेत का? दाढी तागाची आहे. ती कुठं उगवली?"

कोणीतरी खाली मान घालून हसलं. अध्यक्षांना ते लागलं. आमच्या अध्यक्षांना उदबत्तीचा चटका बसला तरी ते आठवडाभर बोट दाखवत फिरतील, पण दुसऱ्याच्या डोक्यावरच्या आगीबद्दल त्यांची श्रद्धा फार जाज्वल्य आहे. तरीही तरुण पोरांना टोप आवडला होता, म्हणून अध्यक्षांनी "बरं, बगू" म्हटलं. मी तो होकार समजले. आपल्याकडं "बगू"ला होकार समजण्याइतकी मूर्ख मी कशी, देव जाणे.

यात्रेच्या दिवशी दिवेलागणीला भाऊ देवळाच्या पायरीवर तयार होऊन उभा राहिला. तोंड काळं, दाढी लावलेली, डोक्यावर टोप. पट्टा आवळून मी बटण दाखवत होते, तेवढ्यात अध्यक्ष पितळी ताटली घेऊन आले. ताटलीत कापूर.

"शकुनाचा," ते म्हणाले. "टोपाच्या शेंड्याव एक वडी. नावापुरती. लाइट तुमची र्‍हाऊ द्या."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. त्या पट्ट्यांवर कापूर! हेच जर मला आधी सांगितलं असतं, तर मी एकवेळ जुनं ताट आणि जुने काकडे दिले असते. सुती काकडा निदान जळून संपतो.

"नावापुरत्या आगीनं नावापुरतंच भाजतं का?" मी ओरडले. "हे कापड वितळतं. तोंडाला चिकटेल त्याच्या!"

"बाईमाणसानं सोंगाच्या मधी बोलू न्हाई," मागून एकजण म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीत उरलेली कातरणं होती. त्यातली एक पट्टी काढली आणि सभामंडपातल्या समईवर धरली. ती भसकन पेटली आणि जळते थेंब टपटप फरशीवर पडले. फरशीवर पडूनही ते विझले नाहीत. पुढचे लोक मागं सरकले.

मला वाटलं, झालं. आता कोण बोलणार? पण अध्यक्षांनी ते थेंब पायातल्या चपलेनं रगडले. देवळात चपला घालून उभा असलेला माणूस मला नेम शिकवत होता.

"पोरानं नेम पाळलाय का न्हाई?" ते म्हणाले. "मंग कापड का जळंल? आन् जळलं तरी देवाची आग दुखत न्हाई. आण्णांनाच इचारा की."

बोलता बोलता त्यांनी कापराची एक वडी टोपाच्या शेंड्यावर ठेवलीसुद्धा. मी भावाकडं बघितलं. काळ्या रंगात फक्त डोळे दिसत होते.

"तायडे, असू दे," तो हळूच म्हणाला. "मी नेम पाळलाय. चुकून मटणाच्या रश्शाचा वाससुदिक घेतला न्हाई. मला न्हाई काय व्हायचं."

त्याला वाटतच होतं तसं! तो घाबरून गप्प बसला असता तर मी त्याला ओढून नेलं असतं. पण त्याला मनापासून वाटत होतं, की पेटतं नायलॉन त्याचा नेम बघून थांबेल. हे त्याला कुणी शिकवलं? अध्यक्षांनी नाही. आमच्या घरानं. मी वळले. आण्णा खांबाला टेकून बसले होते, नेहमीच्या जागी, डावा कान लोकांच्या बाजूला.

"आण्णा," मी म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्या देवळात घुमला, "दुखलं होतं का नाही?"

ते माझ्याकडं बघत नव्हते. फरशीवरच्या काळ्या डागांकडं बघत होते. मला माहीत होतं ते काय म्हणणार. इतकी वर्षं तेच ऐकलं होतं.

"व्हतं," आण्णा म्हणाले. "लई दुखलं व्हतं."

अध्यक्षांनाच आधी सुचलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तो बुक्कीनं विझवावासा वाटला.

"म्हंजी तवा नेम मोडला व्हता म्हना."

आण्णा खांबाला धरून उठले. गुडघे दुखत असल्यामुळं त्यांना वेळ लागला.

"पाळला व्हता," ते म्हणाले. "समदा पाळला व्हता. तरी दुखलं. आजून दुखतंय."

मला रडू यायला हवं होतं, असं नंतर आई म्हणाली. मला रागच आला. एवढी दोन वाक्यं! ती आधी बोलली असती तर भावानं जळतं ताट डोक्यावर घेतलंच नसतं, मी बादली घेऊन पळाले नसते. पण समोर बसलेल्या त्या सगळ्या लोकांकडं मी बघितलं, ज्यांनी वर्षानुवर्षं त्या कानाला बोटं लावली होती, आणि मला कळेना की राग नेमका कुणाकुणावर वाटायचा. तो अजूनही वाटून संपलेला नाही.

भावानं हात वर केला, शेंड्यावर ठेवलेली कापराची वडी काढली आणि अध्यक्षांच्या ताटलीत परत ठेवली. मग त्यानं बटण दाबलं. टोपावर भडका उठला, ढोल सुरू झाला आणि आग्यावेताळ नाचत पायऱ्या उतरला. मान पुढच्या वर्षी कुणाच्या घरात द्यायचा ते कमिटी ठरवणार आहे. ठरवू दे.

मी आण्णांचा हात धरून गर्दीच्या मागून चालत होते. पारापाशी परगावची एक म्हातारी उभी होती. देवळातलं काही तिच्या कानावर आलेलं नव्हतं. आण्णांना बघून ती पुढं आली आणि दरवर्षीसारखी बोटं त्यांच्या कानाकडं नेली.

आण्णांनी मान मागं घेतली.

"हात नगं लावू, बाई," ते म्हणाले. "दुखतंय."