गोमाजीची हिरवी जर्सी

सर रिटायर होतायत. त्यांच्या निरोपाच्या पुस्तिकेसाठी मी गोमाजी उईकेवर पानभर लिहावं, असं त्यांनी फोन करून सांगितलं. वर म्हणाले, "लिह्यजो का हात सोन्याचे होते, पण पोरगा मनाचा ढिला निघाला." सरांनी आर्वीच्या आमच्या कॉलेजात तीस वर्षं फुटबॉल शिकवला. त्यांचा एक गोलकीपर मी, प्रफुल. आता वडिलांचं किराणा दुकान चालवतो. दुसरा गोमाजी. खरं तर दुसरा मीच होतो, आणि तेच माझं दुखणं.

पहिल्या वर्षी गोलमध्ये मीच उभा राहायचो. नागपूरहून आणलेले हातमोजे, नवे कोरे बूट, सगळा थाट. दुसऱ्या वर्षी रोहण्याहून हा आला, तोही अनवाणी. लहानपण सारं लोकांच्या शेतात गोफण फिरवून पाखरं हाकलण्यात गेलेलं. चेंडू हातात आला की असा भिरकावायचा, की थेट अर्ध्या मैदानापलीकडे. सरांच्या खोलीत त्यांच्या आजोबांच्या कॉलेजच्या संघाचा फोटो होता, एकोणीसशे चौदा सालचा. अकराही जण अनवाणी. त्यातल्या गोलकीपरवर बोट ठेवून सर म्हणाले, "हा पाहा, शंभर वर्षांनं वापस आला." मी बूट घालून बाजूलाच उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या संघाचा एक नेम होता. गोलकीपरची हिरवी जर्सी आणि ट्रॅकपँट एकच. दोघांपैकी जो सामना खेळला नाही, त्यानं ती धुवायची. त्या मोसमात गोमाजी सात सामने खेळला, आणि सातही वेळा मी नळावर बसून त्याचा चिखल घासला. आमची काळी माती कपड्याला लागली की सुटत नाही. मी दात-ओठ खात ब्रश चालवायचो आणि प्रत्येक घासण्याला त्याला एक शिवी द्यायचो. बरं, माणूस स्वभावानं इतका गरीब, की धड भांडायचीही सोय नव्हती.

सातही सामने जिंकून आम्ही फायनलला पोचलो. फायनल शनिवारी होती, म्हणून गोमाजी पोळ्याला गावी गेला. बुधवारी कळलं, की विद्यापीठाचा संघ निवडणारे साहेब गुरुवारीच येणार, तेव्हा सामना उद्याच. गोमाजीकडे मोबाईल नव्हता. रोहण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली, की तिथल्या चहाच्या टपरीवरून ती त्याच्या घरी जायची. पाऊस होता, म्हणून सरांनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळली आणि मला दिली. "आताच्या आता स्टँडवर जा."

गोमाजी नसल्यानं सरावाला संघाची ती जर्सी-ट्रॅकपँट मीच घातली होती, तसाच गेलो. कंडक्टर ओळखीचा. त्यानं विचारलं, "रोहण्याले काई द्याचं हाय का?"

"काई नाई," मी म्हणालो. चिठ्ठी ट्रॅकपँटच्या खिशात कोंबली. गाडी गेली तेव्हा मला चक्क हलकं वाटलं.

गुरुवारी हिरवी जर्सी आणि तीच ट्रॅकपँट माझ्या अंगावर होती. मी चार गोल खाल्ले. साहेब मध्यंतरातच उठून गेले. मी कपडे खोलीत फेकले आणि तडक घरी आलो. खिशातली चिठ्ठी पार विसरलो.

शुक्रवारी गोमाजी फायनलसाठी म्हणून आला. सरांनी नेमाप्रमाणे चिखलानं कडक झालेले कपडे त्याच्यापुढे टाकले. तो नळावर बसला. धुण्याआधी खिसे तपासले, पन्नी काढली, चिठ्ठी वाचली. मी चार हातांवर उभा होतो.

तेवढ्यात सर आले. "काऊन नाई आला बे? चिठ्ठी धाडली होती ना तुले?"

गोमाजीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठी मुठीत दाबली. "चुकलं सर. पोळा सोडून येववलं नाई."

सरांनी त्याला पुन्हा कधी खेळवलं नाही. उरलेलं वर्ष जर्सी माझी होती आणि मला ती अंगावर नकोशी वाटायची.

गोमाजी आता रोहण्यात मजुरी करतो आणि संध्याकाळी तिथल्या पोरापोरींना फुटबॉल शिकवतो. सरांचा फोन आल्यावर मी मुद्दाम गेलो आणि विचारलं, "तेव्हा माहं नाव काऊन नाई सांगितलं?"

तो चेंडूत हवा भरत होता. म्हणाला, "सात येळा माहा चिखल धुतला तू. मायशिवाय माहे कपडे कोणी धुतले नोयते. तुह्यं नाव कसं सांगू?"

सर, तुमचं वाक्य मी लिहीत नाही. चिठ्ठी मीच दिली नव्हती. हे वाचून सगळे पुन्हा गोमाजीचंच कौतुक करतील, आणि मला पुन्हा जळजळेल. तरी हे छापा.