सोमवार सांभाळून समुद्र

माझी मावशी रफू करते. बाजारातल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दर्शनी काचेच्या मागे तिचं टेबल आहे. टेबलावर वाकड्या मानेचा दिवा आणि डोक्याला पट्ट्याने बांधायचं भिंग. कोटाला सिगारेटने भोक पडलं किंवा शालीला उंदराने कुरतडलं की माणसं तिच्याकडे येतात. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरा काढते, भोकावर आधी उभे धागे घालते, मग आडवे, आणि काम झालं की भोक कुठे होतं हे मालकालाही दाखवता येत नाही.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. तीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळत काढली. "आयुष्यभर वर-खाली केलं," ते म्हणायचे, "आडवं असं कुठे गेलोच नाही." मूलबाळ नव्हतं, जाता आलं असतं. पण लिफ्ट बिघडते ती नेमकी सुट्टीच्या दिवशी, आणि कुणाच्या तरी लग्नाचा कोट फाटतो तो आदल्या दिवशी. राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला. हा त्यांचाच शब्द. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, ते डायलिसिसच्या मशीनला जोडलेले असतात. प्यायलेलं पाणी शरीराबाहेर पडायला दुसरी वाटच उरलेली नाही, ते मशीनच ओढून काढतं. म्हणून दिवसाला मोजून पाऊण लिटर पाणी. काकांनी बाटलीवर मार्करने रेघा मारल्या आहेत, सकाळ, दुपार, संध्याकाळ. ते चार तास मावशी शेजारच्या स्टुलावर सुई-दोरा घेऊन बसते, आणि त्यांना घरी सोडून बाराला दुकानात हजर होते.

तर एकदा रफूला आलेल्या एका कोटाच्या आतल्या खिशात तिला घडी घातलेला एक कागद मिळाला. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टची जाहिरात होती. निळं पाणी, वाकलेले माड, पांढऱ्या आरामखुर्च्या. कोटाचा मालक म्हणाला, "फेकून द्या, आम्ही जाऊन आलो." मावशीच्या हातून तो फेकवला नाही. तिने तो कागद घरी नेला.

काकांनी चष्मा लावून तो टेबलावर पसरला आणि एखाद्या लिफ्टचा नकाशा तपासावा तसा वरपासून खालपर्यंत तपासला.

"तीन मजले आहेत, आणि लिफ्ट दाखवलेली नाही," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, तिथे मला कुणी काम सांगणार नाही."

मावशी हसली. पण काका नंतर बराच वेळ त्या निळ्या रंगावर बोट फिरवत राहिले, ते तिने पाहिलं. एक धागा इकडचा तिकडे झाला तरी जिला कळतं, तिला एवढं कळणारच.

बुधवारी तिने डायलिसिसच्या टेक्निशियनला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "जाता येतं की, मावशी. फक्त मशीन असेल तिथेच जायचं आणि वार चुकवायचा नाही. शनिवारी निघा, सोमवारचं डायलिसिस तिथे करा, मंगळवारी परत या, बुधवारी आमच्याकडे."

"म्हणजे सोमवार सांभाळायचा."

"तेवढंच."

तेवढंच म्हणजे केवढं, ते पुढच्या दोन आठवड्यांत कळलं. मी इंटरनेटवरून त्या भागातल्या हॉस्पिटलांचे नंबर शोधून दिले, आणि मावशी दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्र्यांच्या फुसफुसाटात एक एक नंबर फिरवायची. एका हॉस्पिटलात बाहेरगावचे पेशंट घेत नव्हते, दुसऱ्यात जागा नव्हती, तिसऱ्याचा फोन चार दिवस नुसता वाजत राहिला. शेवटी तिने सरळ रिसॉर्टलाच फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी पाठ केल्यासारखी बोलायला लागली, "मॅडम, आपण फॅमिली पॅकेज बघताय की हनिमून?"

"ते मागाहून ठरवू. तुमच्यापासून डायलिसिसचं मशीन किती लांब आहे, ते आधी सांग."

मग ती मुलगी वेगळ्याच, घरच्या आवाजात म्हणाली, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तासाभराने फोन करते."

दोन तास लागले, पण फोन आला. रिसॉर्टच्या आचाऱ्याच्या सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं. बारा किलोमीटरवर एक लहान हॉस्पिटल होतं, दोनच मशीनं होती, आणि ती सांभाळणाऱ्या सिस्टरांचा हा नंबर.

सिस्टर एक शब्द जास्तीचा बोलल्या नाहीत. फिस्टुला कुठल्या हातात? मागच्या वेळी वजन किती वाढलं होतं? रिपोर्ट महिन्याच्या आतले हवेत, डॉक्टरांचं पत्र हवं, आणि सोमवारी सातला या. "सातला म्हणजे सातला."

"बाई कडक आहे," मावशी फोन ठेवून मला म्हणाली. "म्हणजे चांगली असणार."

आता प्रश्न होता खुद्द काकांचा. ते अचानक मागे सरले. "चार दिवसांसाठी हा एवढा खटाटोप? समुद्र टीव्हीवर दिसतो की."

"टीव्हीवर लिफ्टही दिसते. तिच्यात बसून वर जाता येतं का?"

खरी अडचण त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितली, तीही मान फिरवून. मशीनच्या जाड सुया टोचता याव्यात म्हणून त्यांच्या डाव्या हातात फिस्टुला केलेला होता, म्हणजे शिरा जोडून मोठ्या केलेल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत दोरखंड घातल्यासारखा तो हात दिसायचा. घराबाहेर ते कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. "तिथे सगळे उघडे फिरतात," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून एखादं पोर घाबरायचं."

मावशीने मलमलीसारखं पातळ कापड आणलं आणि ढगळ, लांब बाह्यांचा शर्ट शिवला. काकांनी तो घालून पाहिला, आरशासमोर दोनदा हात वर-खाली केला आणि म्हणाले, "बरा आहे. वारा लागतो आतून." म्हणजे तयारी झाली, असं आम्ही समजलो.

निघायला आठ दिवस उरले असताना, शुक्रवारी सकाळी काकांना हॉस्पिटलच्या पायऱ्या चढवेनात. पाय उचलला जाईना. मावशीने आणि टेक्निशियनने धरून त्यांना पलंगावर घेतलं, छातीला पट्ट्या लावल्या, आणि ईसीजीच्या मशीनमधून निघालेला कागद बघून डॉक्टर धावत आले.

"काल काय खाल्लंत?"

"नेहमीचंच."

"अहो, खरं सांगा," मावशी म्हणाली.

काकांनी छताकडे बघितलं. "टोपी आणायला गेलो होतो. तिथे गाडीवर शहाळं प्यायलो. एक."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"दीड," काका म्हणाले.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाला ते चांगलं, पण काकांचं शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साठलं की हृदय चालता चालता थांबू शकतं. हे त्यांना दोन वर्षांत निदान वीस वेळा सांगून झालं होतं.

"पण का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तालीम म्हणून," काका म्हणाले. "त्या कागदावर सगळ्यांच्या हातात शहाळं आहे. आपल्याला कितपत झेपतं, ते आधी बघावं म्हटलं."

दुपारपर्यंत मशीनने त्यांना सावरलं. डॉक्टरांनी मात्र प्रवासाचं पत्र द्यायला साफ नकार दिला. मावशी दोन दिवस काकांशी बोलली नाही. पाण्याची बाटली भरून ठेवायची, ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. रविवारी मी गेले तेव्हा ती घरीच भिंग कपाळाला बांधून बसली होती, हातात कापडच नव्हतं. काका दारात येऊन उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"तुमचा फोटो पिशवीत घालून मला समुद्रावर जायचं नाहीये," मावशी म्हणाली. आवाज चढवलाही नाही. मग तिने कपाळावरचं भिंग काढलं आणि डोळे पुसले.

काका तिच्याजवळ जाऊन खाली बसले. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

बेत रद्द करायला मावशीने रिसॉर्टला फोन केला तेव्हा ती मुलगी म्हणाली, "रद्द नाही लिहीत, मावशी. पुढे ढकललं असं लिहिते. काका काय म्हणतात?"

पुढचे तीन महिने काकांनी काय केलं, ते टेक्निशियन अजून नव्या पेशंटांना सांगतो. बाटलीवरच्या रेघेच्या वर एक घोट नाही. तहान लागली की बर्फाचा एक खडा तोंडात धरायचा आणि तो विरघळेपर्यंत खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघायची. दोन डायलिसिसच्या मधे त्यांचं वजन पूर्वी तीन किलो वाढायचं, ते दीडवर आलं. डॉक्टरांनी शेवटी पत्रावर सही केली आणि म्हणाले, "शहाळ्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"बघायला काय हरकत आहे, डॉक्टर?" काकांनी विचारलं, आणि मावशीने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. एका बॅगेत औषधं, रिपोर्ट, वजनाचा काटा आणि रेघांची बाटली. दुसऱ्या, लहान पिशवीत दोघांचे कपडे. पुढचं सगळं मावशीने सांगितलेलं.

रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना पाहताच ओळखलं आणि तळमजल्यावरची टोकाची खोली उघडून दिली. पलंगासमोर भिंतभर खिडकी, आणि खिडकीत पाण्याशिवाय काही नाही. मावशी म्हणाली, "अगं, आम्ही तर साधी खोली सांगितली होती."

"काकांनी बदलून घेतली. तीनदा फोन आला त्यांचा. म्हणाले, माझी बायको दिवसभर वीतभर अंतरावर बघते, डोळ्यांचे डॉक्टर तिला सारखे सांगतात की अधूनमधून लांब बघा. तर तिला लांब बघता येईल अशी खोली द्या."

मावशीने काकांकडे पाहिलं. ते पाठमोरे होऊन वजनाचा काटा फरशीवर नीट बसतोय का, ते तपासत होते.

रविवारी ते किनाऱ्यावर बसले. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात ठेवले. तासाभराने उकडायला लागलं, तशी त्यांनी बाही वर केली. वाळूत खेळणारी एक लहान मुलगी येऊन हाताकडे बघत उभी राहिली आणि तिने विचारलं, "आत काय आहे?" काका म्हणाले, "हात लावून बघ." तिने बोट ठेवलं. तिथे रक्त जोरात वाहत असल्यामुळे आत सतत घरघर होते. "मांजर आहे," ती मुलगी म्हणाली, आणि आईला सांगायला पळाली. त्यानंतर ती बाही पुन्हा खाली आली नाही.

संध्याकाळी काकांनी मावशीसाठी शहाळं मागवलं. ती नको नको म्हणत होती. शेवटी त्यांनी आपली खुर्ची उचलली, समुद्राकडे पाठ करून ठेवली आणि म्हणाले, "संपलं की सांग." तिने ते चोरून प्यायल्यासारखं घाईघाईने संपवलं.

सोमवारी सातला पाच मिनिटं कमी असताना ते हॉस्पिटलच्या दारात होते. सिस्टर आवाजाच्या मानाने फारच ठेंगण्या निघाल्या. त्यांनी कागद वाचले, काकांचं वजन केलं, हात तपासला आणि मावशीला म्हणाल्या, "नातेवाईक बाहेर."

"मी दर वेळी जवळच बसते."

"इथे नाही."

दोन वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं. मावशी दाराशी घुटमळली. काका पलंगावरून म्हणाले, "चार तास तिथे उभी राहणार आहेस का? जा, समुद्रावर जा."

"एकटी?"

"कुणी उचलून नेणार आहे का तुला?"

त्यांना सोडायला आलेली रिसॉर्टची गाडी परत जायची होतीच. मावशी तिच्यात बसली. वाटेत तिच्या लक्षात आलं की सुई-दोऱ्याची पिशवी खोलीतच राहिली आहे आणि हातात धरायला काहीच नाही. किनाऱ्यावर सकाळची दोन-चार माणसं होती. ती घोट्याइतक्या पाण्यात गेली, मग गुडघ्याइतक्या. घड्याळात बघायची, पुढे जायची. एक लाट जरा मोठी आली आणि मावशी तिथेच बसली. नाकातोंडात खारं पाणी. कुणीतरी बाई धावत आली, "लागलं का हो?" म्हणून विचारायला लागली, आणि मावशीला उत्तर देता येईना, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

अकराला दहा मिनिटं असताना ती हॉस्पिटलात परतली ती तशीच, कपडे निथळत, केसांत वाळू. सिस्टरांनी फरशीवर साचलेल्या पाण्याकडे बघितलं, आतून एक टॉवेल आणून तिच्या खांद्यावर टाकला आणि दार उघडून दिलं. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या.

काका तिच्याकडे बघतच राहिले. "पडलीस?"

"पडले."

"लागलं का कुठे?"

"नाही. मग अजून दोनदा पडले. मुद्दाम."

काका इतके हसले की हात हलला आणि मशीन बोंबलायला लागलं. सिस्टर धावत आल्या, त्यांनी बटण दाबलं, सुई तपासली आणि दोघांवर डोळे वटारले. "हसायचं असेल तर अकरानंतर."

त्या वर्षात ते आणखी दोनदा जाऊन आले. हे सगळं मावशी मला सांगत होती ती दुकानातच बसून. समोर कुणाचा तरी राखाडी कोट पसरलेला होता, सुई ओवलेली होती, आणि तासाभरात तिने एक टाका घातला नव्हता. दुकानाचे मालक दोनदा डोकावले आणि तसेच मागे फिरले.