जोडे केंद्राचे, कोठडी राज्याची

इटारसीला गाडी बदलून मी जबलपूरला उतरले तेव्हा लढाई नुकतीच थांबली होती, पण फलाटावरचे दिवे अजून काळ्या कागदांनी झाकलेले होते. नाताळच्या सुटीत भावाकडे राहायचं, भेडाघाट बघायचा, एवढाच बेत. बघितला तो पोलीस ठाण्याचा व्हरांडा.

भाऊ वसंता खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. त्याच्या क्वार्टरवर पोचले तर वहिनी दारातच रडत उभी. वसंताला आदल्या संध्याकाळी पोलिसांनी बसमधून उतरवून नेलं होतं. बारुदेच्या खोलीत शिरताना आपले जोडे चौकटीबाहेर काढायचे आणि कारखान्याचे बिनखिळ्यांचे घालायचे, ठिणगी उडू नये म्हणून. लागोपाठ दोन पाळ्या करून पेंगुळलेला हा शहाणा तेच पायात घालून बाहेर पडला. झाली सरकारी मालाची चोरी! आजचा दिवस कोठडीत गेला की नोकरीतून निलंबन ठरलेलं, आणि घरात दोन लेकरं.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. केंद्राचं काय, राज्याचं काय, मला तोंडपाठ. ठाण्यात हवालदार शांतपणे म्हणाला, जूते तो केंद्र के हैं, कारखान्यानं सांगितल्याशिवाय आम्ही कसे सोडणार? कारखान्याच्या फाटकावर ऐकलं, पोलीस राज्याचे, त्यांना आम्ही काय सांगणार? पुन्हा बस, पुन्हा ठाणं. वसंतासाठी घेतलेली खोवा जलेबी (खव्याची काळपट जिलबी) पुडीतच गार झाली. माझं टाळकं सरकलं.

कायदे करणारे दोन, राबवणारे दोन, पण न्यायाची शिडी आपल्याकडे एकच. म्हटलं, चला कोर्टात. फाटकावर गाठलेले वसंताचे फोरमन माझ्या तोंडाला कंटाळून सोबत आले.

मॅजिस्ट्रेटनी वसंताला समोर आणवून सगळं ऐकलं आणि फोरमनना एकच विचारलं, "इसके अपने जूते कहाँ हैं?"

"कारखाने में ही हैं साहब, चौखट के बाहर. नए हैं."

नवे टाकून झिजलेले पळवणारा चोर मी अजून पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी वसंताला सोडलं.

कारखान्याचे जोडे ठाण्यातच राहिले. त्या कडाक्याच्या थंडीत वसंता अनवाणी बाहेर आला. चल आधी जोडे घेऊ, म्हणून मी त्याचा हात धरला.

"काहून थांबवून राहिली ताई? पाळी सुरू होऊन राहिली," म्हणत त्यानं हात सोडवला आणि बसमागे धावला.

परतताना गाडीत मी वाटभर धुमसत होते. शिव्या तरी कुणाला घालणार? हवालदार खरं बोलला होता, फाटकावरचा माणूसही खरंच बोलला होता. त्या दोघांच्या खरेपणापायी माझा भाऊ नोकरीला मुकता मुकता राहिला होता.