डाग सापडेपर्यंत

माझे मामा घड्याळजी. दुकानात डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसतील, पण घरी पाच मिनिटं एका जागी टिकणार नाहीत. जेवताना दोनदा उठणार, बोलता बोलता गॅलरीत जाऊन येणार. मामी म्हणायची, "हे जगाच्या घड्याळांना किल्ली देतात, यांना कोण देऊन ठेवतं कळत नाही."

ती गेल्यापासून तर पायाची भिंगरी थांबेचना. कारण होतं फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात ठेवलेला एक रोल. मामांच्या जुन्या कॅमेऱ्याने मामीने शेवटच्या महिन्यात काढलेला. त्यात काय आहे हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. घरच्या न्हाणीघरात कृष्णधवल फिल्म धुणं हा दोघांचा पंचवीस वर्षांचा छंद, त्यामुळे तो रोल बाहेर द्यायचा प्रश्नच नव्हता. आधी हात बसावा म्हणून मामांनी एक साधा रोल धुतला, आणि त्यावर डाग आले. बारीक, गोल, लहानमोठे, कुठे एकटे तर कुठे घोळक्याने.

मी रंगाच्या कारखान्यात तपासणी करते. डाग का पडला हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. मामांचा फोन आला. "इंजिनीअरबाई, तुमच्या शिक्षणाचा घरच्यांनाही एकदा उपयोग होऊ दे."

मी वही घेऊन गेले. डाग ओल्या बोटाने पुसून पाहिला, गेला नाही. म्हणजे वाळताना राहिलेला पाण्यातला क्षार नव्हे. तरी दुसऱ्या रोलला डिस्टिल्ड वॉटर आणलं. डाग. तिसऱ्याला डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं औषध, फडक्यातून गाळून घेतला. डाग. बुडबुडे चिकटत असतील म्हणून चौथ्याला मामांनी फिल्म धुवायची छोटी टाकी ओट्यावर इतकी आपटली, की खालच्या मजल्यावरची आजी वर आली. "खिळे ठोकताय का? मग माझ्याकडचाही एक ठोकून द्या."

तिचा खिळा ठोकून झाला. आमचे डाग होते तिथेच.

"तुझी वही भरली, माझी फिल्म काही स्वच्छ होईना," मामा म्हणाले. ते फ्रिज उघडायचे, रोल पाहायचे, बंद करायचे. परत यायचे, परत उघडायचे. "किती दिवस ठेवू हा असा? फिल्म म्हातारी होते गं. आतलं चित्र आतच विरतं. आणि असाच धुतला, आणि तिच्या चेहऱ्यावर डाग आला तर?"

"मामी असताना पडायचे डाग?"

"कधीच नाही."

"मग तेव्हापासून बदललं काय?"

मामा चालता चालता थांबले. "अंधारात टाकीतल्या चकरीवर फिल्म चढवायची ती. औषधं आणि वेळ माझ्याकडे. आता सगळं मीच करतो."

पाचव्या रोलला मीही आत शिरले.

"दोघांना जागा नाही."

"मी बादली पालथी घालून बसते."

दाराखाली टॉवेल लावला, दिवा बंद केला. डोळ्यांसमोर धरलेला हातही दिसेना. फिल्म सरकल्याची खसखस आली, मग जरा शांतता, आणि मग "फू". पुन्हा खसखस. पुन्हा "फू".

"मामा, फुंकर कोण मारतंय?"

खसखस थांबली. "मी मारतोय?"

आयुष्यभर घड्याळाच्या प्रत्येक चाकावरची धूळ फुंकून काढलेला माणूस. फुंकरीबरोबर थुंकीचे थेंब फिल्मवर उडत होते. तेवढी जागा आधीच ओली व्हायची, आणि तिथे डेव्हलपर वेगळा मुरायचा. माझ्या वहीत या कारणाला रकानाच नव्हता.

"म्हणून तिने पहिल्याच दिवशी ते काम माझ्याकडून काढून घेतलं होतं," मामा अंधारातच म्हणाले. "मला सांगितलं, तुमची बोटं जाड आहेत. घड्याळजीची बोटं जाड! आणि मी ऐकून घेतलं."

मामीचा रोल मी चढवते म्हटलं, तर नको म्हणाले. तोंडावर रुमाल बांधून, दोन गाठी मारून आत गेले. मी बादलीवर. दोनदा रुमाल फडफडल्याचं ऐकू आलं.

धुतलेली फिल्म त्यांनी दोरीला चिमट्याने टांगली. एकही डाग नव्हता. जवळजवळ प्रत्येक चित्रात मामाच होते, आणि प्रत्येकात हललेले. दारातून निघालेले, खुर्चीतून उठलेले, चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा.

"सारखी 'बसा, बसा' म्हणायची," मामा म्हणाले. "फोटोसाठी म्हणते, हे सांगायचं तरी."

शेवटच्या चित्रात ती स्वतः होती. आरशासमोर, कॅमेऱ्याआडून अर्धा चेहरा दिसणारी. नीट दिसावं म्हणून मामा जवळ वाकले, रुमाल खाली ओढला, आणि त्यांचे गाल फुगले.

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. फिल्म अजून ओली होती.

"वाळेपर्यंत बसा," मी म्हणाले.

मामा पालथ्या बादलीवर बसले. गुडघा सारखा हलत होता. पण फिल्म वाळेपर्यंत ते उठले नाहीत.